लाउराच्या हातातलं पुस्तक : एका ध्वनिवर्णनाच्या नोंदी

३ जून

यादीतलं पुढचं चित्र ठरलं. सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार ब्रॉन्झिनो याने काढलेलं लाउरा बाट्टिफेर्री या कवयित्रीचं व्यक्तिचित्र. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोत, लोझर संग्रहात असतं. लाकडी फळीवर तैलरंग, उंची साधारण ८३ सेंटिमीटर, रुंदी ६०. काळ १५५५ ते १५६० च्या आसपासचा. चार्ल्स लोझर हा अमेरिकन संग्राहक फ्लॉरेन्समध्येच स्थायिक झाला होता. १९२८ साली तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्रामुळे हे चित्र शहराकडे आलं.

काम नेहमीचंच. अंध श्रोत्यांसाठी मराठीतून चित्राचं वर्णन, दोन भागांत. पहिला भाग तीन-साडेतीन मिनिटांचा, त्यात फक्त काय दिसतं ते. दुसरा भाग हवा त्याने ऐकावा, त्यात माणसं, इतिहास, अर्थ. पहिल्या भागात 'ती उदास आहे' असं म्हणायचं नाही. 'ओठ मिटलेले, नजर खाली' म्हणायचं. उदास आहे की कंटाळलेली, ते ऐकणारा ठरवेल. हा नियम आम्ही बऱ्याच भांडणानंतर केला आणि आजवर पाळला.

हे चित्र तो नियम मोडायला लावणार, असं दिसतंय. कारण लाउराच्या हातात उघडं पुस्तक आहे, ते आपल्याकडे तोंड करून धरलंय आणि त्यातल्या ओळी चक्क वाचता येतात. वाचता येणारा मजकूर सांगणं हे वर्णन, की अर्थ लावणं?

५ जून

कच्चं वर्णन लिहिलं. आहे तसं इथे ठेवते:

'एक स्त्री, कमरेपासून वर. मागे करडी, मोकळी पार्श्वभूमी. खिडकी नाही, पडदा नाही, फर्निचर नाही. अंगावर गडद रंगाचा, गळ्यापर्यंत बंद पोशाख. मानेभोवती पांढरी चुणीदार कॉलर. केस टोपीखाली गेलेले. डोक्यावरून खांद्यांवर उतरणारं पातळ वस्त्र, त्याच्या आरपार दिसतं. गळ्यात सोन्याची साखळी. चेहरा पूर्ण बाजूला वळलेला, आपल्या डावीकडे. एकच डोळा, एक नाकपुडी, हनुवटीची एक कड. नाक लांब, मध्ये उंचवटा असलेलं. मान लांब. ती आपल्याकडे बघत नाही. हातात उघडं पुस्तक. एका हाताची लांब निमुळती बोटं फाकवून पानावर टेकवलेली.'

संध्याकाळी दोघांना वाचून दाखवलं. काकांची नजर चाळिशीत गेली, त्यामुळे करडा, सोनेरी, आरपार हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. ताई जन्मापासून अंध. तिला रंगाचं नावच फक्त मिळतं, बाकी काही नाही. ती म्हणाली, "पातळ वस्त्र म्हणजे किती पातळ? मलमल की नेट?" मी म्हटलं, मलमलीहून पातळ, खालचा खांदा कळतो इतकं. "मग तसं लिही ना. आरपार हे मला काय सांगतेस?"

काका गप्प होते. मग म्हणाले, "अगं, ही बाई मुळात कवी, तिचं तोंड दुसरीकडे, आणि तू मला अर्धा वेळ कॉलर सांगतेस."

दोघांचंही बरोबर. पण दोन वेगवेगळ्या दिशांना.

८ जून

दुसऱ्या भागासाठी लाउराची माहिती. लवकर उरकायची होती, पण बाई रंगतदार निघाली.

जन्म उर्बिनोत, १५२३. वडील जोव्हान्नी आन्तोनियो बाट्टिफेर्री हे चर्चच्या सेवेतले, पैसेवाले, आणि अर्थातच अविवाहित. म्हणजे ही मुलगी विवाहबाह्य. १५४३ साली तिसऱ्या पॉल पोपने तिला कायदेशीर संततीचा दर्जा दिला. पहिला नवरा व्हित्तोरियो सेरेनी, ऑर्गन वाजवणारा. तो १५४९ मध्ये गेला. १५५० साली तिने मूर्तिकार बार्तोलोमेओ आम्मान्नातीशी लग्न केलं. तो तेव्हा रोममध्ये, तिसऱ्या ज्युलियस पोपच्या व्हिला जुलियाच्या कामावर. १५५५ मध्ये तो पोप वारला, काम संपलं आणि जोडपं फ्लॉरेन्सला आलं. लाउराला रोम सोडवत नव्हतं; रोमचा निरोप घेणाऱ्या तिच्या कविता आहेत.

फ्लॉरेन्समध्ये नवऱ्याचं नाव झालं. सिन्योरिया चौकातलं नेपच्यूनचं कारंजं त्याचं. सान्ता त्रिनिता पूलही त्याचाच. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला, तो १९५८ पर्यंत पुन्हा तसाच बांधून काढला. लाउराचं पहिलं पुस्तक १५६० मध्ये जुंती या छापखान्यातून निघालं, अर्पण केलं फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा हिला. नुसत्या तिच्या कविता नाहीत त्यात. दुसऱ्या कवींनी तिला लिहिलेली सुनीतं आणि तिने त्यांना दिलेली उत्तरंही आहेत. १५६४ मध्ये बायबलमधल्या पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांचा तिने केलेला अनुवाद आला. सिएनाच्या 'इन्त्रोनाती' अकादमीने तिला सभासद करून घेतलं. मूल नव्हतं. दोघांनी मिळून जेझुइटांच्या सान जोव्हान्नीनो चर्चला बराच पैसा दिला आणि दोघंही तिथेच पुरलेले आहेत. त्याच चर्चमध्ये आलेस्सांद्रो आल्लोरीचं एक वेदीचित्र आहे, त्यात म्हातारी लाउरा आहे. तिथेही हातात पुस्तक!

आल्लोरी हा ब्रॉन्झिनोचा शिष्य, जवळजवळ मुलासारखा वाढवलेला.

ब्रॉन्झिनोबद्दल दोनच ओळी ठेवणार आहे. जन्म १५०३, मृत्यू १५७२, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा चित्रकार. आणि स्वतः कवी, हौशी नव्हे, चांगला. फ्लोरेन्तिन अकादमीत, म्हणजे तिथल्या साहित्यिकांच्या संस्थेत, १५४१ ला गेला, १५४७ च्या फेरबदलात बाहेर काढला गेला, १५६६ ला परत घेतला. या चित्रात एक कवी दुसऱ्या कवीला बसवून काढतोय, हे श्रोत्याला सुरुवातीलाच कळायला हवं. बाकी दरबार, ड्यूक, वारसा हे सगळं गेलं तरी चालेल.

११ जून

उठावाचं चित्र आलं. आम्ही चित्राच्या मुख्य रेषा काळ्या शाईत एका खास कागदावर छापतो, तो कागद गरम यंत्रातून काढला की काळं तेवढं फुगतं आणि बोटाला लागतं. समोरून काढलेला किंवा पाऊण वळलेला चेहरा या तंत्रात नेहमी फसतो. डोळे, नाक, ओठ सगळ्या रेषा एकमेकींत घुसतात आणि बोटाला नुसता गुंता लागतो. आपली नेहमीची तक्रार.

लाउराचं तसं झालं नाही. ताईने तर्जनी कपाळावर ठेवली आणि सरळ खाली ओढत नेली. कपाळ, खाच, नाकाचा उंचवटा, टोक, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी, आणि मग लांबच लांब मान. "नाक केवढं आहे गं हिचं!" पहिलं वाक्य हे. मग बोट पुन्हा वर नेऊन नाकाच्या हाडावर थांबली. "हे मुद्दाम काढलंय ना? एरवी बाईचं नाक कुणी एवढं काढू देईल?"

याच प्रश्नावर तज्ज्ञांचीही बरीच शाई खर्च झाली आहे.

एकचष्मी चेहरा आपल्याला लघुचित्रांमुळे ओळखीचा. राजे, सरदार, नायिका, सगळे बाजूने. इटलीतही पंधराव्या शतकात हीच रीत होती, रोमन नाण्यांवरून आणि पिसानेल्लोच्या पदकांवरून आलेली. लाउराच्याच उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको आणि त्याची बायको बात्तिस्ता स्फोर्झा यांची पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेली जोडचित्रं फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहेत, समोरासमोर, दोघंही बाजूने. (फेदेरिकोचा उजवा डोळा घोडेस्वारांच्या भालेझुंजीच्या खेळात गेला होता, म्हणून त्याची कायम डावी बाजू.) पण पुढे लिओनार्दोने १४७० च्या दशकात जिनेव्रा दे बेन्चीला पाऊण वळवून आपल्याकडे बघायला लावलं आणि हळूहळू ही रीत मागे पडली. ब्रॉन्झिनोच्या स्वतःच्या एलेओनोरा, लुक्रेझिया पांचातीकी, सगळ्या आपल्याकडे बघतात. म्हणजे १५६० च्या सुमाराला बाजूने चेहरा काढणं ही जुनी, जवळजवळ मोडीत निघालेली पद्धत होती. तिनेच लाउराला काढायचं त्याने ठरवलं.

कशासाठी, याचा एक धागा ब्रॉन्झिनोच्याच जुन्या कामात आहे. १५३० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्तोलोमेओ बेत्तीनीच्या घरासाठी त्याने तोस्कानी कवींची चित्रं काढली. त्यातल्या दान्तेचा चेहरा बाजूने आहे, नाक तेच, सगळ्या युरोपला ठाऊक असलेलं, आणि हातात प्रचंड मोठं उघडं पुस्तक, वाचता येईल असं. त्याच्याच 'पारादिसो' या काव्याचा पंचविसावा सर्ग. त्यात हद्दपार दान्ते म्हणतो की कधीतरी हे काव्य मला माझ्या गावी परत नेईल आणि माझ्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी मी कवीचा मुकुट घेईन. आता लाउराचं चित्र शेजारी ठेवा. बाजूचा चेहरा, मोठं नाक, वाचता येणारं उघडं पुस्तक. माझ्या मते यात शंकेला जागा नाही: स्त्रीच्या व्यक्तिचित्राच्या साच्यात न बसवता ब्रॉन्झिनोने तिला कवीच्या साच्यात बसवलं. नाक लपवलं असतं तर दान्ते हरवला असता.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "पण दान्तेला नाक बदलायची सोय नव्हती, मेला होता."

१२ जून

काकांचा फोन. उठावाच्या चित्रात पुस्तकाची नुसती चौकट आहे, आतला मजकूर नाही. "पाटी कोरी दिलीस मला." ब्रेलमध्ये वेगळं पान जोडायचं ठरलं.

१६ जून

पुस्तकाचा दिवस.

पानांवर पेट्रार्कची दोन सुनीतं आहेत. पेट्रार्क हा चौदाव्या शतकातला इटालियन कवी, त्याच्या प्रेमकवितांतल्या स्त्रीचं नावही लाउराच. चित्रातली अक्षरं हाताने लिहिल्यासारखी, वळणदार. पेट्रार्कच्या संग्रहात एकूण ३६६ कविता आहेत. चित्रात समोरासमोर आलेली सुनीतं आहेत ६४ वं आणि २४० वं. मधे पावणेदोनशे कविता आहेत! संग्रह क्रमाने छापला किंवा लिहिला असेल तर ही दोन पानं एकमेकांसमोर येणं शक्य नाही. म्हणजे हे दुकानात मिळणारं पुस्तक नाही. दोन कविता निवडून, शेजारी ठेवून, चित्रासाठी रचलेलं पान आहे.

तुलनेसाठी आन्द्रेआ देल सार्तोची उफ्फिझीतली तरुणी, १५२८ च्या सुमाराची. तिच्याही हातात खिशात मावणारा पेट्रार्क, ती बोटाने ओळी दाखवते आणि आपल्याकडे बघून हसते. तिथे १५३ आणि १५४ ही लागोपाठची सुनीतं आहेत. ते खरंखुरं पान. 'हे वाचलंत का?' एवढाच मामला. लाउराचं तसं नाही. तिच्या पानात हेतू आहे.

मग सुनीतं वाचायला घेतली. मराठीत सांगायचं तर असं:

६४ वं. कवी बाईला म्हणतो: तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या, डोळे झुकवले, मान वळवली, इतर कुणाहीपेक्षा चपळाईने पळ काढला, माझ्या रास्त विनवण्यांवरून तोंड फिरवलं, आणि या कशानेही तुम्हाला माझ्या छातीतून बाहेर पडता आलं असतं, तर तुमचा राग मी रास्तच मानला असता. पण त्या छातीत प्रेमाने पहिल्या लॉरेलची कलमं बांधली आहेत. उंची रोप रुक्ष जमिनीत शोभत नाही, तिथून जायला ते खुशीने तयार असतं. मात्र दुसरीकडे जाणं तुमच्या नशिबातच नाही. तेव्हा जिथे राहायचंय ती जागा सदा नकोशी वाटू नये, एवढं तरी बघा.

मान वळवली, तोंड फिरवलं. आणि वर चित्रात बघा: लाउराने तोंड फिरवलंय. एकचष्मी चेहऱ्याचं दुसरं कारण पानावरच लिहिलेलं आहे. दान्ते आहेच, पण विनवणीवरून तोंड फिरवणारी पेट्रार्कची लाउराही आहे. ही दोन कारणं एकमेकांना छेद देतात. पहिल्याने ती कवी ठरते, दुसऱ्याने कवितेचा विषय. चित्राची सगळी गंमत या ओढाताणीत आहे, असं मला वाटतं.

२४० वं. कवी पुन्हा विनवतो: माझ्या गोड दुःखा, माझ्या कडू सुखा, मी वाट सोडली असेन तर प्रेमानेच माझी बाजू तुमच्यापुढे मांडावी. इच्छेने विवेकावर मात केली हे मी नाकारत नाही. आणि शेवट मजेदार. तुम्हाला आकाशाने इतकी लखलखीत बुद्धी, इतका थोर गुण दिला आहे. तेव्हा तुम्ही न रागावता, दयेने असं म्हणायला हवं: 'हा बिचारा दुसरं करणार तरी काय? माझा चेहरा याला जाळतोय. तो असा हावरा का, आणि मी अशी सुंदर का?'

म्हणजे पुरुष कवी बाईने काय उत्तर द्यावं तेही स्वतःच लिहून देतो. पेट्रार्कच्या लाउराला दुसरा इलाजच नव्हता. ती १३४८ मध्ये गेली, तिचं स्वतःचं म्हणून एक अक्षर आपल्याकडे नाही. सिमोने मार्तिनीने काढलेल्या तिच्या चित्रावरही पेट्रार्कने दोन सुनीतं लिहिली, ७७ आणि ७८. त्यातल्या दुसऱ्यात त्याचं गाऱ्हाणं असं की चित्र ऐकून घेतं, पण बोलत नाही.

आता हेच पान ब्रॉन्झिनो कुणाच्या हातात देतो? जिला सुनीतं येतात आणि उलटटपाली उत्तरं देण्याची सवय आहे, अशा बाईच्या. नावही लाउरा. मला तरी यात थोडा खट्याळपणा दिसतो. घ्या, तुमच्यासाठी लिहिलेलं उत्तर हे असं आहे, वाचा बघू.

नावाच्या कोट्या थोडक्यात, कारण त्या नसल्या तर इटालियन वाचक नाराज होतील. लाउरा म्हणजे लॉरेल, ज्याच्या पानांचा कवीचा मुकुट होतो ते झाड, आणि लॉरेल म्हणजे दाफ्ने, पुराणकथेत त्याच झाडात रूपांतर झालेली अप्सरा. कविमंडळात लाउराचं मेंढपाळी टोपणनावही दाफ्नेच. ब्रॉन्झिनोचं क्रिझेरो. लाउराच्या आडनावात लोखंड आहे (इटालियनमध्ये 'फेर्रो'), म्हणून ब्रॉन्झिनोने एका सुनीतात तिला आतून सगळी लोखंडाची आणि बाहेरून बर्फाची म्हटलंय. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना कवितेत नाव गुंफणं समजावून सांगावं लागणार नाही.

१७ जून

पहिल्या भागात सुनीतांचं काय करायचं, यावरून चांगलीच जुंपली. रेकॉर्डिंगवाला दादा म्हणतो, मजकूर दिसतो तर वाचा, चौदा अधिक चौदा ओळी. ते शक्य नाही, वर्णनच पोटात जाईल. 'दोन सुनीतं आहेत' इतकंच म्हटलं तर पाहणाऱ्या माणसाला जे मिळतं ते श्रोत्याला मिळत नाही. पण पाहणाऱ्यालाही किती मिळतं? इटालियन न येणाऱ्याला काळ्या रेघोट्याच दिसतात. तेव्हा आमच्या मराठी श्रोत्याला फ्लॉरेन्समधल्या मराठी पर्यटकाइतकं द्यायचं, की ब्रॉन्झिनोच्या मित्रांइतकं? मी मित्रांच्या बाजूने.

२२ जून

आज काकांनी एक बाण सोडला. "चित्र ही आमच्यासाठी थापच आहे. हात लावला तर काय, सपाट लाकूड."

योगायोग म्हणजे हा वाद ब्रॉन्झिनोच्या गावात, त्याच्या हयातीत, याच शब्दांत झालाय. १५४७ साली बेनेदेत्तो वार्की या विद्वानाने फ्लोरेन्तिन अकादमीत व्याख्यानं दिली, चित्रकला श्रेष्ठ की मूर्तिकला या विषयावर, आणि त्यासाठी कलावंतांकडून लेखी मतं मागवली. मायकेलअँजेलो, चेल्लीनी, पोन्तोर्मो, वासारी, ब्रॉन्झिनो सगळ्यांची पत्रं आहेत. त्यात मूर्तिकार त्रिबोलोचा मुद्दा असा: ज्याने कधी काही पाहिलं नाही असा अंध माणूस संगमरवराच्या मूर्तीला हात लावेल तर म्हणेल, हा पुरुष, ही स्त्री. तोच चित्राला हात लावेल तर त्याला काहीच सापडणार नाही आणि तो म्हणेल, खोटं आहे हे. ब्रॉन्झिनोने चित्रकलेची बाजू घेऊन लिहायला घेतलेलं पत्र अर्धवटच राहिलं. त्यात त्याने आधी मूर्तिकारांचे मुद्दे मांडले आणि मग त्यांचा समाचार घ्यायला सुरुवात केली.

काका खूश. पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या वतीने कुणी बोललं होतं! ताई मात्र भडकली. "त्याने कुणा अंध माणसाला विचारलं होतं का? की नुसता आपला दाखला?" तिचा मुद्दा मी दुसऱ्या भागात घालणार आहे, तिच्याच आवाजात.

या वादाची छाया चित्रावर आहे, असं मला वाटायला लागलंय. लाउरा मूर्तिकाराची बायको. वार्की दोघांचा मित्र आणि लाउराचा काव्यातला सल्लागार. चित्रकाराने तिचा चेहरा पदकावर कोरल्यासारखा कडक काढला आणि तिची बोटं पानाला टेकवली. बघा, कागद सपाट असतो, तरी माणसं हात लावतातच. शेवटचं वाक्य माझं, पुरावा नाही. दुसऱ्या भागात 'मला वाटतं' म्हणून जाईल.

२५ जून

ताईचा प्रश्न मागेच आला होता, उत्तर लिहून ठेवते. "ती स्वतः कवयित्री, तर हातात दुसऱ्याचं पुस्तक का?"

एक उत्तर सरळ: त्या काळी पेट्रार्क हे दुसऱ्याचं पुस्तक नव्हतं. १५२५ मध्ये बेम्बो या विद्वान कवीने तोस्कानी भाषेवरचा ग्रंथ काढून पद्यासाठी पेट्रार्क हाच आदर्श ठरवून दिला होता. सुनीत लिहिणारा कोणीही त्याच्याच शब्दांनी लिहायचा. सुताराच्या चित्रात रंधा असावा तसा कवीच्या हातात पेट्रार्क. ब्रॉन्झिनोनेच काढलेलं उगोलिनो मार्तेल्ली या तरुणाचं चित्र बर्लिनमध्ये आहे, त्याच्यापुढे होमर उघडा आणि हाताशी बेम्बो.

ताईला हे पटलं नाही. तिच्या मते तो पुरुष, कुठलंही पुस्तक धरो, लिहिणारा समजला जाणारच. बाईच्या हातात पेट्रार्क दिला की ती आधी वाचणारी ठरते, नाहीतर कवितेतली. याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नव्हतं. पण लाउराकडे होतं.

या चित्रावर तिचं सुनीत आहे. क्रिझेरोला, म्हणजे ब्रॉन्झिनोला उद्देशून. सुरुवातीचा भाव असा: क्रिझेरो, तुझी मेंढपाळीण तुझ्या निर्मळ मनाला जे हवंय ते तिच्या उजळ चेहऱ्यात तुला उघड दाखवो आणि तू तृप्त होवो, जसं माझं हे नवं चित्र, तुझ्या विद्वान हाताचं हे दिमाखदार काम, माझी प्रत्येक भावना, प्रत्येक विचार उघड करतं, मन लपवायला कितीही उत्सुक असलं तरी.

पुन्हा पुन्हा वाचलं. पेट्रार्कने लिहून दिलेलं उत्तर काय होतं? 'मी अशी सुंदर का?' लाउरा त्यातलं काहीच बोलत नाही. सौंदर्याचा विषय काढत नाही, दयाही दाखवत नाही. चित्रकाराच्या हाताची तारीफ करते, आणि त्याच्या मनाला जे हवंय ते त्याच्या मेंढपाळणीकडून मिळो अशी शुभेच्छा देऊन मोकळी होते. इतक्या सभ्यपणे बाजूला सरकणं! शिवाय मन लपवायला उत्सुक आहे, हेही सांगून टाकते. चेहरा बाजूला का, याचं तिने स्वतः दिलेलं कारण हेच असावं.

ताईला वाचून दाखवलं. "हां. आता बोलली."

३० जून

क्रम बदलला. आमच्या साच्यात आधी संपूर्ण आकृती, मग चेहरा, मग हात, मग वस्तू. इथे उलटं करतेय: पुस्तक, बोटं, हात, दंड, मान, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. कॉलर दोन शब्दांत. काकांना पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं, ते मात्र आता म्हणतात, "चेहरा इतका लांबवलास की मला वाटलं, नाहीच."

पहिल्या भागाची सुरुवात अशी राहील:

'चित्राच्या खालच्या भागात एक उघडं पुस्तक, पानं तुमच्याकडे. हाताने लिहिलेली दोन सुनीतं, पेट्रार्कची. एक तोंड फिरवणाऱ्या स्त्रीला विनवतं. दुसरं तिने काय उत्तर द्यावं ते सुचवतं. पानावर एका स्त्रीची लांब बोटं, फाकवलेली, टेकलेली. बोटांवरून मनगटाकडे, मनगटावरून गडद बाहीकडे वर चला. खांद्यावर मलमलीहून पातळ वस्त्र, खालचा खांदा कळेल इतकं. मान लांब. आणि चेहरा पूर्ण वळलेला, पुस्तकाकडे नाही, तुमच्याकडेही नाही.'

'सुचवतं' या शब्दावर गटात आक्षेप आला, की हा अर्थ झाला. असू दे. सुनीतात ते शब्दशः आहे.

नाकाचं वाक्य ताईने लिहिलं: 'नाक मोठं, मध्ये हाड वर आलेलं, आणि चित्रकाराने ते अजिबात लहान केलेलं नाही.' शेवटचा अर्धा भाग नियमात बसत नाही, पण मी तो काढणार नाही.

दुसरा भाग लाउराच्या सुनीताने संपेल. पेट्रार्कचा आवाज दादा देईल, लाउराचा ताई.

२ जुलै

रेकॉर्डिंग. पहिला भाग ठरल्याहून जरा लांबला, पण कापण्यासारखं काही नाही. ताईने लाउराचं सुनीत ब्रेलवरून वाचलं. 'लपवायला'च्या आधी ती थांबते, ते तसंच ठेवलं. कागदावर बोट फिरल्याची बारीक खसखस माइकने पकडली आहे, दादा ती साफ करायला निघाला होता, थांबवला.

राहिलेलं: ब्रेल जोडपानावर सुनीतांचे क्रमांक टाकणे. नकाशावर लोझर संग्रहाचं दालन दाखवणे. दादासाठी उच्चारांची यादी मोठ्या अक्षरांत: आम्मान्नातीत दोन जोडाक्षरं, क्रिझेरोत झ, आणि बाट्टिफेर्रीतल्या दोन्ही जोडाक्षरांवर नीट जोर, कारण आज तो प्रत्येक वेळी बोटीच्या फेरीचं तिकीट काढल्यासारखं 'बाटीफेरी' म्हणत होता. ती चार वाक्यं सोमवारी पुन्हा घ्यायची.